नाइट व्हिजन दुर्बीण मध्येच बंद पडते? आधी सेल बघा, दुर्बीण नंतर उघडा

तक्रार साधारण यांपैकी एक असते.

दुर्बीण चालू होते, चित्रही दिसतं, पण आयआर दिवा (अंधारात दिसावं म्हणून समोर इन्फ्रारेड उजेड टाकणारा) लावला की पडदा लुकलुकतो आणि सगळं बंद. पुन्हा बटण दाबलं की दोन मिनिटं चालते, परत तेच. नाहीतर नवे सेल टाकले तरी बॅटरीचं चिन्ह पहिल्यापासून अर्धंच दिसतं. नाहीतर घरात झकास चालते आणि पहाटे मळ्यात नेली की मान टाकते. घरी आणून तासभर ठेवली की पुन्हा ठणठणीत. गेल्या हिवाळ्यानंतर कपाटात ठेवलेली आता काढावी तर ढिम्म हलत नाही, झाकण उघडलं तर आत पांढरी भुकटी. चार्जिंगवाली असेल तर रात्रभर लावूनही दिवाच लागत नाही, किंवा दहा मिनिटांत हिरवा होतो आणि वापरायला घेतली की तितक्याच वेळात संपते.

निफाड-सिन्नरकडे ऊसतोड सुरू झाली, रात्रीच्या पाळीच्या लाईटवर बिबट्याच्या धास्तीत मोटार लावायला जायची वेळ आली, की या दुर्बिणी माझ्या टेबलावर येऊ लागतात. सोबत बांधावर लावायचे, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे ट्रेल कॅमेरेही येतात, आणि नांदूरमधमेश्वरला पहाटेपासून ठाण मांडणाऱ्या पक्षीवाल्यांच्या दुर्बिणीही. यातल्या बहुतेकांच्या आत काहीही बिघडलेलं नसतं. दुखणं सेलचं असतं, नाहीतर सेल ठेवण्याच्या पद्धतीचं.

देवळाली कॅम्पची लष्करी छावणी जवळ, म्हणून बरेच जण "मिलिटरीवालीच आहे ना?" असं विचारतात. नाही. मिलिटरीच्या जुन्या धाटणीच्या दुर्बिणीत अंधुक प्रकाश वाढवणारी नळी असते, तिची जात वेगळी. आपल्याकडे मिळते ती डिजिटल: कॅमेऱ्यासारखा सेन्सर, डोळ्याजवळ छोटा पडदा आणि समोर आयआर दिवा. हा दिवा ८५० नॅनोमीटरचा असेल तर समोरून मंद लाल ठिपका दिसतो, ९४० चा असेल तर काहीच दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी पडतो. सेन्सर आणि पडदा मिळून एका बेताने करंट खातात. आयआर लावला की तो दुप्पट-तिप्पट होतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी फुकटातल्या तपासण्या

आयआर बंद करून दुर्बीण पंधरा मिनिटं चालू ठेवा. नुसती चालत असेल आणि आयआर लावल्यावरच पडत असेल, तर बोर्ड बहुतेक शाबूत आहे आणि सेलला ओझं पेलवत नाही. मग आयआर सर्वांत खालच्या पायरीवर आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा. चांदणं असेल तर तेवढ्यावर काम भागतं, आणि अंधारात पडदा फार उजळ ठेवला तर आपल्याच डोळ्यांपुढे काळोखी येते.

सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचा प्रकार बघा. बऱ्याच ट्रेल कॅमेऱ्यांत अल्कलाइन, रिचार्जेबल, लिथियम असे पर्याय असतात. आत रिचार्जेबल सेल आणि सेटिंग अल्कलाइनवर असेल, तर कॅमेरा त्यांना अर्धमेले समजतो आणि लवकर बंद होतो.

चार्जिंगवाली असेल तर केबल बदला. इथे एक खाच आहे. मोबाइलच्या नव्या चार्जरची दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की बऱ्याच स्वस्त दुर्बिणी चार्जच होत नाहीत. समोर कोणी वीज मागतंय हे चार्जरला कळावं म्हणून उपकरणात ५.१ किलो-ओहमचे दोन बारीक रेझिस्टर असावे लागतात, आणि कंपन्या तेच वाचवतात. जुन्या चौकोनी यूएसबी खाचेचा चार्जर आणि त्याची केबल लावून बघा. "चार्जिंग गेलंय" म्हणून आलेल्या कितीतरी दुर्बिणी मी एवढ्यावरच परत पाठवल्यात, आणि त्याचे पैसे मागताना मलाच ओशाळल्यासारखं होतं.

सेल कुठला टाकलाय?

"भाऊ, कालच नवे सेल टाकले," हे वाक्य हिवाळ्यात रोज ऐकतो.

"नवे म्हणजे कुठले, नाना?"

मग खिशातून पाकीट निघतं, आणि त्यात दहा-पंधरा रुपयांचे साधे पेन्सिल सेल. हे झिंक-कार्बनचे असतात. भिंतीवरचं घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट यांच्यासाठी उत्तम, कारण तिथे करंट जेमतेम लागतो. जास्त करंट मागितला की यांचा व्होल्टेज खचतो. समजा चार सेलची दुर्बीण आहे, म्हणजे ६ व्होल्ट. आयआरसकट ती ०.८ अँपिअर ओढते, आणि प्रत्येक सेलचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, अर्धा ओहम आहे. चौघांचा मिळून २ ओहम, म्हणजे १.६ व्होल्ट सेलच्या पोटातच जिरले. दुर्बिणीला मिळाले ४.४. तिला वाटलं सेल संपले, झाली बंद. आयआर बंद होताच व्होल्टेज परत वर येतो, म्हणून पुन्हा बटण दाबलं की चालते. यात दुर्बिणीचा काही दोष नाही.

अल्कलाइन सेल याहून बरेच बरे. मात्र दुर्बीण रोज वापरायची असेल तर रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्या, निकेल मेटल हायड्राइडचे, आणि तेही ठेवल्या जागी कमी उतरणारे; पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असतं. त्यांचा व्होल्टेज १.२ च असतो, म्हणून चिन्ह सुरुवातीपासून अर्धं दिसतं. त्याने घाबरू नका. आतला रोध अगदी कमी असल्याने ओझ्याखाली ते अल्कलाइनपेक्षा खंबीर उभे राहतात. जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल मात्र नुसते पडून महिन्याभरात पाव भाग किंवा त्याहून जास्त उतरतात, ते ट्रेल कॅमेऱ्यात घालण्यात अर्थ नाही.

थंडीचं कोडंही इथेच सुटतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. अल्कलाइनच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, रोध वाढतो आणि आयआर लावला की वरचाच खेळ. सेल संपलेला नसतो, गारठलेला असतो. म्हणून घरी आणून ऊब मिळाली की दुर्बीण परत चालते. जादा सेल स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. बांधावर रात्रंदिवस राहणाऱ्या ट्रेल कॅमेऱ्याला लिथियमचे पेन्सिल सेल परवडत असतील तर तेच टाका. ते वजनाला हलके, उणे ४० अंशांपर्यंत चालणारे आणि गळण्याच्या बाबतीत बिनघोर. महाग असतात, आणि चार्ज करायचे नसतात.

आता धोक्याचं. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा. चार बसवले तर पूर्ण चार्जला १६.८ व्होल्ट होतात आणि बोर्ड जळतो. तसंच सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा, चार्ज न होणारा सेल. त्याच्या मापाचा चार्जिंगचा १६३४० पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. खाचेत बसला म्हणजे चालेल असं नाही. पुस्तिकेत लिहिलं असेल तरच टाका.

जोडी फोडू नका

चार सेलपैकी गळालेला बहुधा एकच असतो. हे नेहमीचं आहे आणि त्याला कारण आहे. सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून करंट एकच. त्यातला एक अशक्त असेल तर तो आधी संपतो, पण बाकीचे तिघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. संपलेला सेल उलटा चार्ज होऊ लागतो, आत वायू धरतो, सील फाटतं आणि तो पाझरतो. घरात सापडले ते दोन जुने, दोन नवे असं केलं की हे हमखास होतं. सीआर१२३ए च्या जोडीत असं झालं तर तो सेल नुसता गळत नाही, फुटू आणि पेटूही शकतो.

चारही सेल एका पाकिटातले, एकाच वेळी टाकलेले आणि एकाच वेळी काढलेले असावेत. रिचार्जेबल असतील तर मार्करने त्यांच्यावर 'अ' संच, 'ब' संच लिहून ठेवा.

झाकणाच्या आत

मोबाइलच्या टॉर्चमध्ये स्प्रिंगा आणि पत्र्या नीट बघा. त्या चकचकीत असायला हव्यात. राखाडी थर म्हणजे ऑक्साइड, पांढरी खरखरीत भुकटी म्हणजे अल्कलाइन गळालाय, हिरवट-निळं दिसलं तर तांब्यापर्यंत गंज पोहोचलाय. अशा थराचा थोडासा रोधही आयआरच्या करंटला पुरेसा नडतो.

नुसता काळपटपणा असेल तर शाळेतलं खोडरबर घासा आणि चुरा फुंकून टाका. पॉलिश पेपर लावू नका. पत्रीवर निकेलचा पातळ मुलामा असतो, तो खरवडला की आठ दिवस छान चालतं आणि मग दुप्पट वेगाने गंजतं.

पांढरी भुकटी असेल तर आधी हातमोजे आणि चष्मा. अल्कलाइनमधून पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडी सोलवटून काढणारं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याची ही भुकटी होते. इअरबड व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून, निथळून, फक्त डागावर फिरवा. बारीक फेस येतो. फेस थांबला की कोरड्या बडने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बडने, आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या. साध्या झिंक-कार्बनचा सेल गळाला असेल तर तो आंबट, तिथे लिंबू नको. खायच्या सोड्याचं दाट पाणी चालतं. दोन्ही वेळा सेलच्या कप्प्याचं तोंड खाली करून धरा, म्हणजे ओघळ बोर्डाकडे जाणार नाही.

स्प्रिंग दबलेली असेल तर चिमट्याने दोन-तीन मिलिमीटर ओढून घ्या. दुर्बीण हलवली की बंद पडते, या तक्रारीचा हाच इलाज.

मीटर लावा, पण ओझ्याखाली

सेल जमिनीवर आपटून उसळी बघायची पद्धत आहे. अल्कलाइन थोडा वापरला की तो उसळायला लागतो हे खरं, पण निम्मा संपेपर्यंतच त्याची उसळी पूर्ण वाढलेली असते. त्यावरून सेल वापरलेला आहे एवढंच कळतं, किती उरलाय ते नाही.

नाशिकच्या एमजी रोडवर अडीच-तीनशेत मल्टिमीटर मिळतो. मोकळ्या सेलवर लावला तर मरत आलेला अल्कलाइनही १.३५ दाखवून फसवतो. म्हणून ३.३ ओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर आणा, सेलच्या दोन टोकांना पाच-सहा सेकंद धरा आणि त्याच वेळी व्होल्टेज वाचा. या रेझिस्टरमधून जवळपास अर्धा अँपिअर जातो, म्हणजे आयआर लावल्यासारखंच. अल्कलाइन १.२ च्या खाली गेला तर तो दुर्बिणीला निरुपयोगी. घड्याळात घाला, अजून वर्षभर चालेल. पूर्ण चार्ज केलेला रिचार्जेबल १.१ च्या खाली गेला तर तो म्हातारा झालाय. चौघांत एकाचाच आकडा वेगळा आला, तर गुन्हेगार सापडला. रेझिस्टर तापतो, जास्त वेळ धरू नका.

१८६५० (चार्ज होणारा, पेन्सिल सेलपेक्षा जाड लिथियम-आयन सेल) वाल्या दुर्बिणीत सेल पूर्ण चार्ज करून रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी मोजा. ४.१ च्या वर असेल तर ठीक, ४ च्या खाली उतरला असेल तर तो आतून झिरपतोय. २.५ च्या खाली गेलेला सेल 'जागा' करायच्या फंदात पडू नका. फार खोल उतरला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि चार्ज करताना तेच ठिकठिकाणी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असे सेल जागे करून देणारे लोक आहेत. मी करत नाही.

नवा १८६५० घेताना त्यावरचा आकडा वाचा. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते. ९९०० लिहिलेला सेल म्हणजे सरळ थाप. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा: खरा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बराच हलका. शिवाय सुरक्षा-पट्टी असलेला सेल ६५ ऐवजी ६९ मिलिमीटरपर्यंत लांब असतो. तो जोर लावून बसवला की स्प्रिंग कायमची दबते. आणि बाहेरचं प्लॅस्टिक बघा. या सेलचं सगळं अंग ऋण असतं आणि धन टोक त्याच्या कडेपासून अगदी जवळ. तिथलं वेष्टन फाटलेला सेल खिशात किल्ल्यांसोबत टाकला तर मांडी भाजेल. वेष्टन स्वस्त मिळतं, बदलून घ्या.

इथे थांबा

बॅटरी फुगली असेल, पाठीचं झाकण वर आलं असेल, चार्जिंगला हाताला चटका बसत असेल किंवा गोडसर, थिनरसारखा वास येत असेल, तर तिथेच थांबा. चार्जर काढा, दुर्बीण फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर ठेवा. फुगा टोचून हवा काढायची नाही. गळती स्प्रिंगच्या मागे बोर्डापर्यंत गेली असेल, किंवा सेल चांगले, पत्र्या स्वच्छ, व्होल्टेज पूर्ण आणि तरी दुर्बीण मेलेली असेल, तर तेही घरचं काम नाही. बऱ्याच दुर्बिणींच्या नळीत नायट्रोजन भरून सील केलेलं असतं. स्क्रू काढले की तो गेला, आणि पहिल्याच पावसात भिंग आतून धुरकट. वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कोणाच्याही हातात देऊ नका, माझ्याही नाही.

बाहेर दाखवायची असेल तर ज्याच्या टेबलावर व्होल्टेज लावता येणारा पॉवर सप्लाय आहे त्याच्याकडे जा. सेलऐवजी सप्लायवरून ६ व्होल्ट (किंवा पुस्तिकेत असेल तेवढे) देऊन, आयआर लावून, किती करंट ओढते ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर नीट चालली तर दोष सेल किंवा पत्र्यांचा, आणि बोर्ड बदलायचं कोणी म्हणत असेल तर उठून या. आतली चपटी बॅटरी बदलायची असेल तर तिच्यावरचा आकडा बघा: १०३४५० म्हणजे १० मिलिमीटर जाड, ३४ रुंद, ५० लांब. जुनीला तीन वायरी असतील तर नवीलाही तीनच हव्यात. तिसरी तापमानाची असते, ती तोडून काम भागवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आणि दुर्बिणीत बिबट्या दिसला तर बघत बघत जवळ जाऊ नका, उसात पिल्लं असू शकतात. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

पावसाळ्यात ठेवताना

दुर्बिणी मरतात त्या वापरून नाही, ठेवून. जानेवारीनंतर कपाटात गेली ती पुढच्या दिवाळीलाच निघते, आणि मध्ये एप्रिल-मेचं ऊन आणि चार महिन्यांची ओल दोन्ही येऊन जातात.

सेल काढून ठेवा. बटण बंद असलं तरी आतलं घड्याळ थोडा थोडा करंट खात असतं आणि महिन्यांनी सेल रिकामा करून गळायला लावतं. लिथियम-आयन निम्म्यावर ठेवा, १८६५० असेल तर ३.७ ते ३.८ व्होल्ट. पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवला तर तो पडल्या पडल्या म्हातारा होतो: ४० अंशांत पूर्ण भरून वर्षभर ठेवलेल्या सेलची सुमारे एक तृतीयांश क्षमता जाते, तोच २५ अंशांत ४० टक्क्यांवर ठेवला तर चार-पाच टक्केच. त्यामुळे पत्र्याखालचा माळा नको, गाडीचा डॅशबोर्ड तर नकोच. फ्रिजही नको, बाहेर काढताना दव धरतं. घरातलं जमिनीलगतचं, भिंतीला न टेकलेलं फडताळ सर्वांत बरं.

दुर्बीण झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. सेल वेगळ्या डबीत, टोकं एकमेकांना लागणार नाहीत असे. स्टीलचा डबा नको. इगतपुरी-त्र्यंबककडे राहत असाल तर पुड्या पावसाळ्यात एकदा तरी बदला. आतबंद बॅटरीची असेल तर नागपंचमीच्या सुमाराला काढून निम्मी चार्ज करा, नाहीतर ती खोल उतरून जाते. खंडेनवमीला बाकीची हत्यारं पुसायला काढतोच, तेव्हा ही पण काढा, स्प्रिंगा बघा, सेलला ओझं लावून मोजा. मग नवे सेल घ्यायचे तर दसरा-दिवाळीच्या मध्ये वेळ मिळतो.

संपलेले लिथियम सेल टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत घाला आणि घंटागाडीवाल्या दादांना सांगून द्या. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. सुक्या कचऱ्यात टाकलेला सेल गाडीत दाबला गेला की तिथेच पेट घेऊ शकतो.